मागच्या बाकावरून आई

नववीतल्या पोरीवर जळणारी बाई कुणाला बघायची असेल, तर मला बघा. तिशीला टेकलेली, लग्न झालेली, स्वतःचं घर चालवणारी बाई मी, आणि दोन विस्कटलेल्या वेण्यांच्या एका झिपरीने माझी झोप उडवली होती. कारण सरळ होतं. तिला माझी आई मिळाली होती.

शिक्षिका व्हायचं मला जरा उशिरा सुचलं. त्या कोर्समध्ये आधी दुसऱ्यांचे तास बघायचे असतात. मागच्या बाकावर बसायचं, तोंड मिटायचं आणि कॉलेजने दिलेल्या छापील रकान्यांत शेरे भरायचे. माझ्या वाट्याला जी सरकारी शाळा आली, तिथे गणिताला आई होती. माझी जन्मदाती. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे कॉलेजात कुणाला पत्ता नव्हता. आईने फोनवरच बजावलं की शाळेत नातं काढायचं नाही, लोक वशिला म्हणतील. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये शिरले, तर ही मला म्हणते, या मॅडम, बसा. जन्मभर जिने मला नीट 'बस' म्हटलं नाही, ती एकदम अहो-जाहोवर. मीही निमूटपणे बसले.

घरातली आई मला पाठ होती. संध्याकाळी यायची, पिशवी कोपऱ्यात टाकायची आणि गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायची. केसांत खडूची भुकटी असायची. पाणी गार होईपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही, अशी बाबांची ताकीद होती. मग मी गणिताचं पुस्तक घेऊन गेले की लगेच सुरू. एवढंही येत नाही? लक्ष कुठे असतं तुझं? मी असं करून बघू का, असं म्हटलं की विषयच संपला. शेवटी मी तिला विचारणं सोडलं आणि शेजारच्या काकांकडे जायला लागले. त्यांनाही फारसं येत नव्हतं, पण निदान ते अंगावर यायचे नाहीत.

आणि वर्गातली ही बाई कोण होती, देव जाणे. वर्ग म्हणजे भिंतीचे पोपडे निघालेले, पंख्याचं एक पातं वाकलेलं, बाकांवर कर्कटकाने कोरलेली नावं, आणि खिडकीतून सतत बसचे हॉर्न. पन्नासेक पोरं दाटीवाटीने बसलेली. तरी ही आत शिरली की हसायची. चक्क दात दिसायचे. कुणाचं उत्तर चुकलं की ते फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहायची आणि म्हणायची, आता हे आलं कुठून ते शोधू या. मग चुकलेलं पोरगं बक्षीस घ्यायला यावं तसं रुबाबात पुढे यायचं. घरी तान्हं भावंड सांभाळणारी एक मुलगी तासाला पेंगायची, तिला आई उठवायची नाही. तास संपल्यावर तिच्या शेजारी बसून सगळं परत सांगायची. मला मात्र हिने तापातसुद्धा पाढे म्हणायला लावले होते. 'विद्यार्थ्यांशी संबंध' या रकान्यात मी 'उत्तम' लिहिलं, पण इतकं दाबून की पेनाचं टोक कागदातून पलीकडे गेलं.

सगळ्यात लाडकी झिपरी. हे नाव मीच ठेवलं होतं, मनातल्या मनात. पहिला बाक तिचा, आणि तोंड अखंड चालू. बाई, असं केलं तर? बाई, उलटीकडून केलं तर? दुसऱ्या कुणी अशा पोरीला गप्प केलं असतं. आई खडू तिच्या हातात द्यायची, ये, करून दाखव म्हणायची आणि स्वतः बाजूला उभी राहायची. एकदा मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात सगळ्यांच्या देखत, आई तिची सुटलेली वेणी घालून देताना दिसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळी वेळ होत नाही म्हणून माझे केस आईने लहानपणीच मानेपर्यंत कापून टाकले होते.

वेणी घालून झाल्यावर ती पोरगी नेमकी माझ्याच शेजारी येऊन बसली. मॅडम, आमच्या बाई तुम्हाला आवडल्या का, तुम्ही पण गणितच शिकवणार का, असं बरंच काही विचारून झालं. मग मोठ्या माणसासारखा आवाज खाली आणला.

"बाईंना मूलबाळ नाही ना, म्हणून त्या आम्हाला इतका जीव लावतात."

हे तुला कुणी सांगितलं, असं मी विचारलं. सांगायला कशाला हवं, ती म्हणाली, बाई कधी घरचं काही बोलतच नाहीत, त्यावरून आम्हाला कळलं. मी डबा बंद केला. भूकच मेली.

पुढच्या आठवड्यात माझा पहिला तास होता. आता मी फळ्यापाशी आणि आई मागच्या बाकावर. तास संपला की तिने मला शेरा द्यायचा, असा नियमच होता. खरं सांगते, मार्कांची मला पर्वा नव्हती. माझं काम बघून तिने एकदा तोंडाने 'छान' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी रोज संध्याकाळी नवऱ्याला विद्यार्थी करून समोर बसवलं. समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ तो बिचारा इतक्यांदा शिकला की आंघोळ करताना सूत्र म्हणायला लागला.

तासाची सुरुवात बरी झाली. आकृती सुबक आली, आवाज कापला नाही. हळूच मागे पाहिलं, तर आई हनुवटीला हात लावून ऐकत होती. माझं बोलणं ऐकत होती. मला इतकं बरं वाटलं की मी सूत्र जरा ऐटीतच लिहिलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा हात वर गेला.

"मॅडम, मधे कर्ण काढून दोन त्रिकोण केले तर? मग सूत्र पाठ करायलाच नको."

बरोबर होतं तिचं. माझ्या पद्धतीपेक्षा सोपंही होतं. आणि मागे आईचा चेहरा फुलला. तास माझा, फळा माझा, आणि ती हसली ते त्या पोरीकडे बघून. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"विचारलंय तेवढंच बोल. फार शहाणी झालीस? बस खाली."

झिपरी बसली, तिचे डोळे भरले होते. मी कुणासारखं बोलले, ते मला बोलता बोलताच कळलं. ते शब्द, तो सूर, बोट नाचवायची ती तऱ्हा, सगळं आमच्या स्वयंपाकघरातलं होतं. आईलाही कळलं असणार, कारण ती उठून उभी राहिली होती.

बाकांमधून वाट काढत ती पुढे आली. माझ्याकडे येतेय असं वाटून मी खडू खाली ठेवला. ती पहिल्या बाकापाशी थांबली आणि तिने झिपरीच्या पाठीवर हात ठेवला.

"ही माझी मुलगी आहे," माझ्याकडे बोट दाखवत ती वर्गाला म्हणाली. "घरी मी तिच्याशी असंच बोलत आले. तेच ती शिकली." मग झिपरीकडे वाकली. "चुकलं माझं, बाळा."

'चुकलं' हा शब्द आईच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मी इतकी वर्षं त्याची वाट पाहिली होती, आणि आता माझ्या डोळ्यांसमोर तो लोकाच्या पोरीला मिळत होता. आई, मी इकडे उभी आहे, असं ओरडावंसं वाटलं.

झिपरीने बाहीने डोळे पुसले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"असू दे, बाई," ती म्हणाली.

ते म्हणायचा हक्क माझा होता. तोही तिनेच घेतला.