कुरडयांच्या दिवशी आलेली धमकी

आमच्या सातपूरच्या बिल्डिंगमध्ये कुरडया कोणी एकटीनं करत नाही. आज माझ्या घरच्या, उद्या समोरच्यांच्या, असं पाळीनं चालतं. चीक हाटायला दणकट हात लागतात, सोऱ्या दाबायला दुसरे, आणि तोंडं काय, ती चालूच असतात. सकाळी गच्चीवर निघालेली बातमी दुपारपर्यंत लासलगावला पोचते, कारण शेजारीण तिकडचीच, माझ्या नणंदेच्या गल्लीतली. या बायकांच्या तोंडाळपणाला मी कायम नावं ठेवायची. आता ठेवत नाही, आणि त्याला कारण गेल्या उन्हाळ्यातला एक दिवस.

त्या दिवशी पाळी माझी होती. चीक शिजला की तूप-साखर घालून पहिली वाटी माझ्या लेकीची, हा तिचा लहानपणापासूनचा हक्क. बी.एस्सी. झाली तरी सोडला नव्हता. पण त्या दिवशी वाटी ओट्यावर तशीच राहिली. "भूक नाही," म्हणाली. माझी पोरगी चिकाला नाही म्हणते म्हणजे नक्कीच कुठंतरी पाणी मुरतंय. गच्चीवर गेल्यावर तिला टाकीमागं ओढलं आणि म्हटलं, "बोल आता, नाहीतर हा सोऱ्या डोक्यात घालीन."

तिनं मोबाईल पुढं केला. मामेबहिणीच्या हळदीतला तिचा फोटो कुणीतरी तिच्या अकाउंटवरून उचलला होता आणि तिचा चेहरा दुसऱ्याच कुणाच्या उघड्या अंगावर चिकटवला होता. खाली धमकी होती. संध्याकाळपर्यंत स्वतःचे असले फोटो पाठव, नाहीतर हा तुझ्या सगळ्या नातेवाइकांना जाईल. नातेवाइकांची नावंही लिहिली होती. पहिलंच नाव आत्याचं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन उचलून चिकाच्या पातेल्यात टाकावा असं वाटलं. पोरगी रडत म्हणाली, "आत्याला कळलं तर पुण्याचं संपलं गं, आई." ते काही खोटं नव्हतं. तिला एम.एस्सी.साठी पुण्याला पाठवायचं ठरलं तेव्हा नणंदबाई म्हणाल्या होत्या, "मोबाईल घिऊन पोरगी परगावी धाडा, आन् मंग बसा बोंबलत." आणि आमचे हे म्हणजे ताईचा शब्द खाली पडू देतील तर शप्पथ.

मी जरा श्वास घेतला. "हे बघ, आत्याला कळेल या भीतीवरच त्या मेल्याचं सगळं चाललंय ना? मग आपणच सांगून टाकू. त्याच्या हातात काय उरेल, कपाळ?" पण तिला विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नव्हते. तिनं ओढणीनं डोळे पुसले. मग म्हणाली, "तू सांग. पण मी तिथंच बसणार."

गच्चीवरच्या सगळ्या बायकांना सांगितलं. सोऱ्या दाबणारे हात थांबले. लासलगावची शेजारीण म्हणाली, "फोटो खोटा ना? मग मान त्यानं खाली घालायची. हिनं का म्हणून?" समोरच्यांची सून कॉम्प्युटरवर काम करते. चिकानं माखलेले हात झटकत ती म्हणाली, "उत्तर द्यायचं नाही, काही पाठवायचं नाही, आणि रागानं पुसूनही टाकायचं नाही. आधी स्क्रीनशॉट काढ, त्याच्या अकाउंटची तक्रार कर, मग ब्लॉक कर. आणि आजच सायबर पोलिसांकडं जा." लेकीचं अकाउंट जगाला उघडं होतं, तेही त्या सुनेनं तिथंच फक्त ओळखीच्यांपुरतं करून घेतलं. "दाराला दोन कुलपं लावता आणि मोबाईल सताड उघडा," असं म्हणत शेजारणीनं लासलगावला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला अडवलं नाही.

हे कारखान्यातली पहिली पाळी संपवून आले तसं त्यांना सांगितलं आणि तिघं पोलिसांत जाऊन आलो. तिथल्या बाईंनी तक्रार नीट लिहून घेतली, उगाच नको ते प्रश्न विचारले नाहीत. ह्यांनी वाटेत लेकीला उसाचा रस पाजला. माझा जीव मात्र टांगणीला होता, कारण संध्याकाळ व्हायची होती आणि ताईंचा शब्दही यायचा होता.

दिवेलागणीला नणंदबाईंचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"आला बरं का त्यो फोटो," त्या म्हणाल्या. लेकीनं माझा हात घट्ट धरला. "म्या काय उघडून बघितला नाय. आपल्या पोरीचा नाय, तर बघायचा कशाला? पोलिसांना लागंल म्हणून ठिवलाय तसाच. पोरीला दे."

"हं, आत्या."

"रडतीस कशाला? पुण्याला कधी जायचं हाय? माझ्या वाटच्या कुरडया करून मंगच जा."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. सकाळचा चीक वाटीत खरवसासारखा घट्ट बसला होता. ओट्याशी उभ्या उभ्याच तिनं तो चमच्यानं खरवडून संपवला.