पाय उचलला की हात

आधी मावशींचं सांगतो, मग माझं. त्या नसत्या तर आज मी शिकागोत सोल संगीत, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यातून आलेलं संगीत, वाजवून पोट भरत नसतो. गाणी बांधणं आणि दुसऱ्यांच्या रेकॉर्ड प्रोड्यूस करणं तर फार लांब राहिलं.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. सत्तरीच्या पुढच्या कृष्णवर्णीय बाई, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. सगळे त्यांना मदर म्हणायचे, ते काही माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी मावशी म्हणायला लागलो. अर्थ विचारला तेव्हा सांगितलं, आईची बहीण. त्या म्हणाल्या, "बेबी, तुझ्या आईला विचारलंस का? तिला माझ्यासारखी बहीण झेपायची नाही." तेव्हा मी चांगला बत्तीस वर्षांचा होतो. तरी बेबीच.

मी इचलकरंजीचा. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. एका ऑर्केस्ट्राचा गिटारवाला न सांगता निघून गेला होता, त्याच्या जागी उभा राहिलो. जत्रा, हळदी, गणपती. आमच्याकडे गिटारवाल्यानं जागा भरायच्या असतात. गायिका श्वास घ्यायला थांबली की आपण सुटायचं. मी कधी गप्प राहिलो तर मालक म्हणायचे, "गप्प बसायला घरी जागा नाही का तुला?"

आक्का लग्न होऊन अमेरिकेत आली, इथली नागरिक झाली, मग तिनं माझे कागद घातले. नंबर लागेपर्यंत माझी तिशी उलटली. शिकागोजवळ शॉमबर्गला तिच्या बेसमेंटमध्ये उतरलो. दाजी आयटीतले, माणूस सरळ. त्यांनी ओळखीनं शिकागोतल्या देशी बाजारात, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका किराणा दुकानात चिकटवलं. तांदळाची पोती उतरवायची, फळ्या भरायच्या. गिटार घेऊन आलोय हे बघून म्हणाले, "हे बघ, छंद म्हणून ठीक आहे. पण उन्हाळ्यापर्यंत काहीतरी पक्कं बघ. नाहीतर सरळ परत जा, तिथं निदान तुला लोक ओळखतात." वाईट बोलले नाहीत. पण मला परत जायचं नव्हतं. ऑर्केस्ट्रा तोवर बंद पडला होता आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

दुकानाच्या मागच्या गल्लीत, पूर्वी टायर विकायचे त्या गाळ्यात, एक छोटं चर्च होतं. रविवारी मागचं दार उघडलं की ऑर्गन ऐकू यायचा. एका रविवारी पोती तशीच ठेवून आत जाऊन शेवटच्या ओळीत बसलो. प्रार्थना संपल्यावर मावशी माझ्यापाशी आल्या. "बेबी, तू मांडीवर बोटं नाचवत होतास. काय वाजवतोस?"

"गिटार."

"मग इथं रिकामा काय बसलास?"

पुढच्या रविवारपासून मी त्यांच्या मागे उभा. पहिल्या दिवशी सवयीनं प्रत्येक जागा भरली. संपल्यावर त्या म्हणाल्या, "तू फार बोलतोस, रे. पास्टरपेक्षा जास्त." मग हळूहळू शिकलो. सोलमध्ये गिटारवाल्यानं थोडंच वाजवायचं असतं. तारा दाबून एकच छोटा ठोका, कटकन, की थांबायचं. गाणाऱ्याला मोकळं सोडायचं. तिथं सगळी मंडळी टाळ्या वाजवत, त्या टाळ्यांबरोबर माझा ठोका आपोआप पडे. मला वाटलं, जमलं.

वसंतात त्या चर्चमधल्या एका गायिकेची रेकॉर्ड करायची ठरली. तिचा गिटारवाला अटलांटाला गेला होता. मावशी ऑर्गनवर होत्या, त्यांनी परस्पर माझं नाव सांगितलं. मी दाजींना सांगितलं, हे जमलं तर स्टुडिओतली कामं मिळतील. ते म्हणाले, "आणि नाही जमलं तर?" मी गिटारच्या तारा बदलायला घेतल्या.

स्टुडिओत हेडफोन लावले. ड्रम, बेस, ऑर्गन, मी. गाणं सुरू झालं आणि अर्ध्या मिनिटात प्रोड्यूसरनं, म्हणजे रेकॉर्ड बसवून घेणाऱ्यानं, थांबवलं. परत सुरू, परत थांबवलं. काचेपलीकडून त्याचा आवाज आला, "मित्रा, मिरवणुकीत चालतोयस का?"

मला कळेना. ताल बरोबर, सूर बरोबर. ड्रमवाला खाली मान घालून हसत होता. आणखी दोनदा थांबवल्यावर लक्षात आलं ते असं. आम्ही लहानपणापासून भजनात झांज वाजवतो ती समेवर, जोर पहिल्या मात्रेवर. या संगीतात चार मोजायचे आणि जोर दोनवर, चारवर द्यायचा. चर्चमध्ये टाळ्यांनी मला धरून ठेवलं होतं. इथं टाळ्या नव्हत्या. हात गुपचूप आपल्या गावी गेला होता, एक आणि तीनवर.

मी मुद्दाम उलटं करायला गेलो तर सगळंच कोसळलं. प्रोड्यूसर म्हणाला, "राग मानू नकोस, पण मी दुसऱ्या कुणाला तरी फोन लावतो." त्यानं फोन हातात घेतलासुद्धा. माझ्या डोळ्यांपुढे विमानतळ आला.

मावशी ऑर्गनवरून म्हणाल्या, "आधी मला कॉफी दे. म्हाताऱ्या बाईचा घसा कोरडा ठेवतोस." त्याला हसू आलं, तो कॉफी करायला गेला. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि माझ्या बुटाकडे बोट दाखवलं. "हा पाय तुझा शहाणा आहे. त्याला त्रास देऊ नकोस. तुला हवं तिथंच आपट. फक्त पाय खाली असताना वाजवू नकोस. वर उचललास की वाजव."

"एवढंच?"

"एवढंच. तुझं घर पायात ठेव, बेबी. हात माझ्याकडे दे."

त्यांनी मांडीवर थाप मारून दाखवली, मी पाय आपटला. पाय एकवर, हात दोनवर. पाय तीनवर, हात चारवर. दहा-बारा वेळा चुकलो, मग बसलं. प्रोड्यूसर परत आला तेव्हा आम्ही दोघं गिटारशिवायच वाजवत होतो. त्यानं फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "एकदा बघू."

त्या वेळी त्यानं मध्ये थांबवलं नाही. गाणं शेवटपर्यंत गेलं. तो काचेमागून एवढंच म्हणाला, "पुढचं गाणं घ्या." घरी आल्यावर दाजींना सांगितलं, त्यांनी आक्काला हाक मारली, "अगं, याला जेवायला वाढ. कामावरनं आलाय."

त्यानंतर कामं येत गेली. त्याच प्रोड्यूसरनं पुन्हा बोलावलं, मग इतरांनी. दुकान सुटलं. गायकांना चाली सुचवता सुचवता गाणी बांधायला लागलो. इंग्रजी शब्द मला अजून जमत नाहीत, ते दुसरे लिहितात, चाल आणि साज माझा. आता गॅरेजमध्ये छोटा स्टुडिओ आहे, काचेच्या पलीकडे मी बसतो. कुणी चुकत असलं तर फोन हातात घ्यायच्या आधी कॉफी करतो. काम मात्र कायमचं कधीच नसतं. दोन आठवडे कुणी बोलावलं नाही की दाजींचं ‘काहीतरी पक्कं बघ’ आठवतं.

मावशींनी गुडघ्यांमुळे चर्चमध्ये वाजवणं सोडलं. घरी वाजवतात. प्रार्थनांच्या मधल्या शांततेत ज्या चाली त्या वाजवायच्या, त्या सगळ्या त्यांच्या स्वतःच्या, हे मला फार उशिरा कळलं. दुसऱ्यांच्या कितीतरी रेकॉर्डवर त्यांचा ऑर्गन आहे, त्यांच्या नावाची एकही नाही. परवा विषय काढला तर म्हणाल्या, "कोण ऐकणार, बेबी? आणि तू प्रोड्यूस करणार? मी तुला हैराण करीन."

खरं तर त्याचीच भीती वाटते. माझं काय चुकतंय ते त्यांना पहिल्या ठोक्याला कळेल. म्हणून मीच पुढे ढकलत आलोय. पण मावशी, तुमची रेकॉर्ड मी करणार. माईक घेऊन तुमच्या घरी येईन, ते गुडघे घेऊन तुम्हाला कुठं यावं लागणार नाही. रेकॉर्डवर फक्त तुमचं नाव असेल. एक दिवस नक्की करीन.