एकोणीस वेळा एकतीस

बाबा रोज सकाळी विहिरीत दोरी सोडत. टोकाला दगड, दर फुटावर गाठ. काठापासून पाणी किती फूट खाली, ते डायरीत लिहीत. मे सरता सरता ते गेले.

दिवाळीला मी दिग्रसजवळच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा मोठ्या भावाने ती डायरी माझ्यापुढे ठेवली. उन्हाळ्यात पाणी पस्तीस फुटांखाली गेलं असेल तर विहीर खोल करायची, नाहीतर राहू द्यायची, असं त्याने ठरवलं होतं.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. कॉम्प्युटरवर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दिवसांइतकी घरं आखली, सवयीने सगळी शून्यांनी भरली आणि एकेक आकडा चढवला. आलेख पाहून भाऊ हसला.

"काय रे, एप्रिलात विहीर काठोकाठ? मंग आमी मोटर कायले लावली?"

ते आठ दिवस बाबा दवाखान्यात होते, पानं कोरी होती. आमच्या मोजणीत शून्य म्हणजे काठाला लागलेलं पाणी, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मग त्या घरांत 'माहीत नाही' ही खूण भरली. वर्षाची सरासरी काढली, तर तिच्या जागीही तीच खूण आली.

"आठ दिवसांसाठी साऱ्या वर्षावर रुसते का हा कॉम्प्युटर?" भाऊ म्हणाला. "टाक ना एकतीस. आगंमागं तेवढंच हाय."

एका ओळीचं काम. इतकी घरं, हा आकडा. एंटर दाबण्याआधी खात्रीसाठी मी मेची पानं उलटली. एकतीस. पुन्हा एकतीस. शेवटचे एकोणीस दिवस, ओळीने. त्याआधी बाबांचा आकडा चार दिवसही सारखा राहिला नव्हता.

आई तूर निवडत बसली होती. तिला विचारलं.

"त्यायले चालवत नव्हतं," ती म्हणाली. "बाजेवरून इचारे, पाणी किती हाय? मी सांगो, कालच्याइतकंच."

"तू दोरी सोडून पाहत होतीस?"

"मी कायले पाहू? वाकलं का भोवळ येते मले. त्यायले बरं वाटे, म्हून सांगो."

भाऊ दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याला हवे होते ते नेमके हेच दिवस.

"मंग खोदू का नको?"

"या दिवसांचं आपल्याला माहीत नाही."

"पण बाबानं लिवलंय ना?"

लिहिलं होतं. हस्ताक्षर कापरं होतं, पण त्यांचंच. मी एकतीस ठेवले तर विहीर धड ठरते आणि भाऊ खोदत नाही. पुसले तर बाबांचे अखेरचे एकोणीस दिवस कोरे होतात. आईला खोटं म्हणावं, तर तिने फक्त त्यांना बरं वाटू दिलं होतं.

भावाला मी सांगितलं, या आकड्यांवर ठरवू नको, येत्या उन्हाळ्यात स्वतः मोज. तो बाहेर गेला.

फाइलच्या दोन प्रती अजून माझ्याकडे आहेत. एकीत एकोणीस वेळा एकतीस, दुसरीत एकोणीस वेळा 'माहीत नाही'. बाबांची नोंद म्हणून कोणती ठेवायची, ते मला अजून कळत नाही.