बिनवायरचा पंखा

निवृत्त झाल्यावर अप्पा ओझरचं क्वार्टर सोडून सायखेड्याच्या मळ्यात राहायला गेले. विमानांच्या कारखान्यात उभी हयात काढलेल्या त्या माणसाला मळ्यातल्या दोन पत्र्याच्या खोल्या पुरेशा वाटल्या. आईला मात्र तिथली थंडी बाधली. नदीकाठचा गारवा, डोक्यावर पत्रे आणि त्यात तिचा दमा. चुलीचा धूर तिला सहन होत नव्हता, म्हणून अप्पांनी लोखंडी बॅरल कापून बंद दाराची शेगडी केली आणि तिचं धुराडं पत्र्यातून वर काढलं. जळणाला तोटा नव्हता. द्राक्षबागेची छाटणी झाली की काड्यांचे भारे बांधावर पडलेलेच असायचे.

शेगडी झकास पेटायची, पण तिची ऊब थेट वर पत्र्यापाशी जाऊन बसायची. जवळ बसणाऱ्याचं अंग भाजायचं आणि कोपऱ्यातल्या खाटेवर आईचे पाय गारच. मी तेव्हा नाशिकला शाळेत शिकवत होते. शनिवारी बसने मळ्यात जायचे, तर आई गोधडीत गुरफटून बसलेली दिसायची. हे मी एकदा फोनवर दादाला सांगितलं.

दादा, माझा मोठा भाऊ, कॅनडात होता. त्याचं आणि अप्पांचं बोलणं ठरलेलं असे.

"बरा आहेस ना?"

"बरा आहे. तुम्ही?"

"चाललंय. घे, आईशी बोल."

दोघांचं भांडण काही नव्हतं. बोलायला विषय नसायचा, एवढंच.

त्या हिवाळ्यात दादाच्या एका मित्राने खोकं आणून दिलं. आत वीतभर उंचीचा काळा पंखा, पात्यांच्या मागे धातूच्या उभ्या पट्ट्या. अप्पांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"याला वायर नाय. सेल घालायलाबी जागा नाय. पोरगं कायतरी अर्धवट पाठवून बसलं."

लोडशेडिंगचे दिवस होते, संध्याकाळी वीज गेलेली. अप्पांनी शेगडी पेटवली आणि खोक्यावरच्या चित्रात होता तसा पंखा तिच्यावर ठेवून दिला. आम्ही चहा घेत होतो. चहा संपता संपता पाती हलली, मग फिरायला लागली, अजिबात आवाज न करता. थोड्या वेळाने आई म्हणाली, "इकडं ऊब येती हो." तिने पायावरची गोधडी बाजूला केली.

शेजारच्या मळ्यातली माणसं बघायला आली. लाइट नसताना पंखा फिरतो, हे कुणाला पटेना. उन्हाळ्यात हाच लावता येईल का, असंही एकीने विचारलं. आई म्हणाली, "येईल की. फक्त आधी शेगडी पेटवायला लागंल."

पुढच्या शनिवारी कडाक्याची थंडी होती. अप्पांनी शेगडी ठासून भरली, तर पंखा मंदावला आणि थांबला. अप्पा बेचैन झाले. मला म्हणाले, "लाव त्याला फोन."

"कुठं ठेवलाय?" दादाने विचारलं.

"धुराड्याला लागून. तिथं जास्त तापतंय."

"तिथंच चुकतंय, अप्पा. नुसत्या उष्णतेवर तो चालत नाही. खालचा भाग तापलेला आणि वरच्या पट्ट्या थंड, असा फरक लागतो. मधे बिस्किटाएवढी चकती आहे. तिची एक बाजू गरम आणि दुसरी थंड राहिली की तिच्यातून थोडी वीज येते. तेवढ्यावर मोटर फिरते."

"म्हणजे वरच्या पट्ट्याबी तापल्या."

"हो. मागच्या कडेला ठेवा, भिंतीपासून जरा सुटा. पंखा मागची गार हवा ओढतो, तीच पट्ट्यांना थंड ठेवते. आणि शेगडी एवढी भरू नका, चकती जळेल."

अप्पांनी फडक्याने धरून पंखा मागे सरकवला. फोन कानाला तसाच. "थांब, ठेवू नको," म्हणाले. आम्ही सगळे पात्यांकडे बघत राहिलो. पाती फिरली तेव्हा ते हळूच म्हणाले, "फिरला रे."

मग चकती कशाची, पाती वाकवली तर वारा वाढेल का, तिकडे बर्फात दादाची शेगडी कशी, असं कितीतरी वेळ चाललं. आईला फोन मिळालाच नाही. ती तक्रार न करता खाटेवर बसून ऐकत होती.

त्यानंतर दादाचा फोन आला की अप्पा स्वतःच उचलायचे. सुरुवात पंख्यापासून व्हायची. मग बाग, पाऊस, दादाची नोकरी, त्याचं तिथलं एकटेपण. ते तो मला कधी बोलला नव्हता, अप्पांना बोलला.

पुढच्या वर्षी दादा आला तो दिवाळीत. थंडी अजून पडायची होती, तरी अप्पांनी भर दुपारी शेगडी पेटवली. बापलेक तिच्यासमोर बसले, दोघांचे सदरे घामाने पाठीला चिकटलेले. दादा वाकून पट्ट्या बघत होता, अप्पा त्याला काहीतरी समजावत होते. आईने दोन्ही खिडक्या उघडल्या आणि ती माझ्याबरोबर बाहेर ओट्यावर येऊन बसली.