कॉस्मसचा पंखा आणि खाडीवरचा कॅमेरा

तुमच्या खिडकीसमोरची खाडी कोणी थोडी थोडी बुजवत असेल, तर तुम्ही पहिला संशय कोणावर घ्याल?

कॉस्मसनं कृणालवर घेतला. कॉस्मस म्हणजे चारकोपच्या खाडीकाठचा जुना टीव्ही मेकॅनिक, राग कायम नाकावर. समोर कृणालचं रेती-सिमेंटचं दुकान, आणि अख्ख्या गल्लीचा मेन स्विच त्याच दुकानाच्या भिंतीवर. खाडीतल्या तिवरांत बांधकामाचं डेब्रिज ओतणाऱ्या डंपरचा नंबर मिळाल्याशिवाय तक्रार कोणी घेईना, म्हणून कॉस्मसनं खिडकीत कॅमेरा लावून जुन्या कॉम्प्युटरला जोडला. पण रोज दिवेलागणीला घरची रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, आटपून येऊन बघावं, तर पडदा काळा आणि बाहेर नवा ढीग!

"मेन तूच पाडतोस ना रे?" तो भर गल्लीत कृणालवर धावून गेला.

"मी? मग तुझी ट्यूब काय मेणबत्तीवर चालते?" कृणालनं दात काढले.

ट्यूब खरंच चालू असायची. पण ते हसणं कॉस्मसला पटेना. दुसऱ्या संध्याकाळी रोझरीला न बसता तो खिडकीच्या पडद्यामागं दबा धरून उभा राहिला.

कृणाल आलाच नाही. आली उर्सुला, कॉस्मसचीच बायको. हातात माळ. जाता जाता तिनं कॉम्प्युटरच्या पंख्याचं बटण पार खाली फिरवलं. पंख्याची घरघर कमी करता यावी म्हणून कॉस्मसनंच ते जोडलं होतं: एक ट्रान्झिस्टर, रेडिओसारखं एक बटण, बस्स.

"उर्सुला! काय करतेस?"

"रोज करते. त्या घरघरीत देवाला तरी ऐकू येईल का? संपल्यावर वाढवते की परत!"

"तोवर मशीन तापून बंद पडतं गं बाई!"

त्यानं बटण उपटलं. त्या जागी मुगाएवढा थर्मिस्टर, म्हणजे उष्णता ओळखणारा मणी, लावून कॉम्प्युटरच्या तापणाऱ्या भागाला चिकटवला. गरम झालं की पंखा आपोआप जोरात. पुढच्या रोझरीत पंखा गुरगुरला, उर्सुलानं आवाज चढवला, आणि पडद्यावर डंपर आला, नंबरासकट.

कृणालची माफी कॉस्मसनं मागितली नाही. गावठाण सगळं प्रार्थनेला गुडघ्यांवर असतं ती वेळ डंपरवाल्याला सांगितली कोणी?

तुमच्याही खिडकीतून खाडी दिसते ना? मग उद्या दिवेलागणीला एक कॅमेरा तिकडं वळवा. आणि कॉम्प्युटरच्या पंख्याचं बटण घरात कोणाच्या हाताला लागू देऊ नका.