मऊ ब्रेक घेऊन राजोडीला

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं ते म्हणजे व्हॅनच्या ब्रेकमधली हवा काढणं. शनिवार होता. अंगणात व्हॅन जॅकवर चढवलेली, मी पुढच्या चाकाशी गोणपाटावर आडवा आणि माझी बायको इंदू ड्रायव्हरच्या जागेवर. उंचीने लहान, म्हणून पाठीशी उशी घेऊन बसायची, तेव्हा कुठे तिचा पाय पेडलला पोचायचा. मी म्हणायचो, "दाब." ती दाबायची. "धर." ती म्हणायची, "धरलंय." मग मी स्क्रू सैल करायचो (गॅरेजवाले त्याला निपल म्हणतात), ऑइलबरोबर हवा बाहेर यायची, मी स्क्रू आवळायचो आणि मग म्हणायचो, "सोड." आधी टेम्पोवर, नंतर व्हॅनवर, तीस वर्षं हे असंच चाललं.

त्या दिवशी मी पुढचे दोन्ही कॅलिपर बदलले होते (चाकातली चकती आवळून धरतो तो भाग). आचोळ्याच्या जुन्या मालाच्या दुकानातून जोडी आणली होती. बसवण्याआधी इंदूने ते हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. म्हणाली, "यांच्यावरची अक्षरं येगळी येगळी हायत." मी चौथीपर्यंत शिकलेला, ती तेवढंही नाही. मी म्हणालो, "असतील कंपनीची. तू पेडल सांभाळ."

बाटलीभर ऑइल संपलं तरी पेडल मऊच. "पाव दाबल्यावानी लागतंय," ती म्हणाली. मी म्हणालो, "तू नीट धरत नाहीस. मध्येच सोडतेस, म्हणून हवा आत जाते."

"नाय सोडत."

"सोडतेस."

रविवारी आम्हाला राजोडीला जायचं होतं. तिची मोठी बहीण आक्का न्हाणीघरात पडली होती, पाय प्लास्टरमध्ये होता. इंदूने तांदळाच्या पापड्यांचा डबा भरून ठेवला होता. ब्रेक लागेना म्हणून मी जायचं रद्द केलं. ती म्हणाली, "रिक्षाने जाऊ." मी म्हणालो, "गाडी दारात असताना रिक्षा कशाला? पुढच्या रविवारी जाऊ."

बुधवारी सकाळी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. पुढचा रविवार आला, पण ती नव्हती. आक्काला प्लास्टरमुळे मातीलाही येता आलं नाही. दोघी बहिणी भेटल्या नाहीत, आणि त्याचं कारण व्हॅनचा ब्रेक.

तेरावं झालं. पापड्यांचा डबा तसाच फळीवर होता. तो पोचवायचाच असं ठरवलं. पण त्याआधी मला एक कळायला हवं होतं. ब्रेक कुणामुळे बिघडला? तिच्या पायामुळे की माझ्या हातामुळे? हे कळल्याशिवाय आक्कासमोर उभा राहणार नव्हतो. तुम्ही म्हणाल, खाडीकाठावरून राजोडीला जायचं ते काय लिहिण्यासारखं. लोक काशीला जाऊन येतात आणि लिहितात. मला हा प्रवास काशीपेक्षा लांबचा झाला.

सकाळी आठला निघालो. डबा मागच्या सीटवर, उशीही तिथेच टाकली. दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. थांबायचं असलं की पेडल तीनदा भराभर मारायचं, मग कुठे ब्रेक धरायचा, आणि एक हात हँडब्रेकवर. असं कुणी गाडी चालवू नये. मी चालवली, कारण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मिठागरं मागे पडली, इमारती लागल्या. माझ्या लहानपणी इथे भातखाचरं होती, आता वाळत घातलेल्या कपड्यांचे मजल्यावर मजले.

आचोळ्याला वळणावर भाजीची हातगाडी आडवी आली. पेडल मारलं, एकदा, दोनदा. तिसऱ्याला गाडी थांबली, पण हातगाडीला धक्का लागलाच. वांगी रस्त्यावर घरंगळली. भाजीवाली कमरेवर हात ठेवून उभी.

"आजोबा, गाडी आहे का बैल?"

"ब्रेक मऊ झालाय, बाई."

"मग गाडी घरी बांधून ठेवायची. वैरण घालायची."

लोक हसले. मी वांगी गोळा केली आणि मुकाट्याने दोन किलो विकत घेतली.

तिथून जुन्या मालाच्या दुकानात गेलो. जाताना ठरवूनच गेलो होतो की आज याला सोडायचं नाही. "सडका माल दिलास," मी दारातूनच ओरडलो. दुकानदार शांतपणे बाहेर आला, चाकामागे हात घालून बोटं पाहिली.

"कोरडी आहेत. गळत असतं तर बोटं ओली झाली असती. माल चांगला आहे, काका. बसवला कोणी?"

"मी."

"मग भांडण कोणाशी करताय?" तो म्हणाला. त्याने फुलपाड्याच्या एका गॅरेजचा पत्ता सांगितला. मंगेशला दाखवा म्हणाला.

फुलपाड्याच्या गल्ल्यांत व्हॅन नेणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. मंगेशचं गॅरेज दोन इमारतींच्या मधे, पत्र्याखाली. चाळिशीचा माणूस, रत्नागिरीकडचा. त्याने ऑइलची टाकी पाहिली, भरलेली. आत बसून पेडल दाबलं, खाली गेलं. भराभर मारलं, वर आलं. थोडं थांबून पुन्हा दाबलं, पुन्हा खाली.

"हवा आहे, काका. हंड्रेड परसेंट. लीकेज कुठेच नाय."

"पण हवा काढलीय मी. बाटलीभर ऑइल गेलं."

त्याने चाक काढलं. वाकून पाहिलं आणि हसायलाच लागला. मग माझा चेहरा पाहून त्याने मला जवळ बोलावलं.

"काका, हे बघा. निपल कुठे आहे?"

"खाली."

"आणि हवा कुठे जाते? पाण्यातला बुडबुडा कुठे जातो?"

"वर."

"मग खालून ती निघणार कशी? वर्षभर काढत बसलात तरी निघणार नाय. निपल वरच पाहिजे. तुम्ही डावा उजवीकडे लावलाय आणि उजवा डावीकडे. वर अक्षरं आहेत ना, एल आणि आर. डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं."

मी तिथल्या टायरवर बसलो. इंदूने दाखवली होती ती अक्षरं. वाचता येत नसताना तिला दिसलं होतं की ती वेगळी आहेत.

मंगेशने कॅलिपर अदलाबदल करून बसवले. मग म्हणाला, "माझा माणूस आज आला नाय. तुम्ही बसा वर, पेडल मारा."

तीस वर्षांत मी त्या बाजूला कधी बसलो नव्हतो. गाडी चालवायला बसलो, पण हवा काढताना पेडलवर नाही. खालून आवाज आला, "दाबा." दाबलं. "धरा." धरलं. स्क्रू सुटला की पाय आपोआप खाली जातो, खालचा माणूस दिसत नाही, काय चाललंय ते कळत नाही, आणि तरी धरून ठेवायचं. पाचव्या खेपेला पोटरी थरथरायला लागली.

"काका, सोडलंत! मी म्हटलं का सोडा?"

"नाही सोडलं!" मी ओरडलो.

"मग बोला तसं. धरलंय म्हणा, मला कळायला पाहिजे ना."

"धरलंय," मी म्हणालो.

मी कधी तिला तसं म्हण असं सांगितलं नव्हतं. ती आपणहून म्हणायची, खाली मला कळावं म्हणून.

नळीतून बुडबुडे आले, फसफसून आले, मग कमी झाले, मग नुसतं ऑइल. पेडल वर आलं. विटेवर पाय ठेवावा तसं घट्ट. मंगेशने गल्लीच्या टोकापर्यंत व्हॅन नेऊन आणली आणि आम्ही दोघांनी उभ्यानेच वडापाव खाल्ला. किती दिवसांनी मला तिखट लागलं.

रेल्वे ओलांडून पश्चिमेला आलो तशी झाडी सुरू झाली. केळी, माड, विहिरी. राजोडीजवळ सुरूच्या झाडांतून समुद्र दिसला. ओहोटी होती. वाळूवर मुंबईची काही माणसं पँट दुमडून फिरत होती. एका वळणावर कुत्रं आडवं आलं आणि मी एकदाच पेडल दाबलं. गाडी जागच्या जागी थांबली. मी कुत्र्याला म्हणालो, "जा बाबा."

आक्का ओटीवर खाटेवर, पाय उशांवर. मी डबा ठेवला, वांगी ठेवली. तिने वांग्यांकडे पाहिलं. "हरी, सांत्वनाला वांगी कोन आनतं रे?"

मी सगळं सांगितलं. अक्षरं, निपल, सगळं. सून पाणी घेऊन दारात उभी राहिली.

"रविवारी शेजाऱ्यांकडून फोन केला होता तिने," आक्का म्हणाली. "म्हनाली, हे म्हनतात मी नीट दाबत नाय. मी दाबते गं आक्का, दोन्ही पायांनी दाबते."

मला मान वर करता येईना.

"मग ती खरं बोलत होती?"

"खरं."

"तर मोठ्याने म्हन. सुनेलाही ऐकू दे."

"इंदू बरोबर होती," मी म्हणालो. "चूक माझी."

मला वाटलं होतं, हे म्हटलं की जमीन फाटेल. उलट छातीवरचं काहीतरी उतरलं. आक्काने डोळे पुसले आणि एकदम हसली. "लग्नातही पाटावर चुकीच्या अंगाला बसला होतास. भटजी ओरडत होते, आनि इंदू पदराआडून तुला ढकलत होती." सूनही हसली. मग भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण आलं. पोटभर जेवलो.

निघताना आक्का म्हणाली, "ब्रेक लागतो ना आता? मग उद्या येऊन मला ने. तिच्या फोटोपुढे बसायचंय मला."

संध्याकाळी परत आलो. अंधार पडायच्या आत. सगळा मिळून पंधरा-वीस मैलांचा रस्ता असेल. त्यात मी भाजीवालीचं ऐकलं, दुकानदाराचं ऐकलं, मंगेशचं ऐकलं, आक्काचं ऐकलं. घरातल्या माणसाचं तेवढं ऐकायचं राहिलं. ती चूक आता दुरुस्त होणारी नाही. पण कुणाची होती ते कळलं, आणि त्या रात्री मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा राजोडीला गेलो. आक्काचा मुलगा आणि मी मिळून तिला मागच्या सीटवर आडवी बसवली. प्लास्टरचा पाय अधांतरी राहत होता. इंदूची उशी तिथेच पडलेली होती. ती मी आक्काच्या पायाखाली सरकवली, पाय नीट टेकला का पाहिलं, आणि हळू निघालो.