काठवटीखालची घडी

यमुना गेली त्या सकाळी मी उमरग्याला डोळे दाखवायला गेले होते. डोळ्यांत थेंब टाकून मला बाकावर बसवलेलं, तेवढ्यात सुनेचा फोन आला. "आत्या, काकू गेल्या. चुलीपुढंच..." यमुना माझी धाकटी जाऊ. दीड महिना झाला. आमच्या बेंबळीत जो भेटायला येतो तो म्हणतो, हाल न्हाय, लोळणं न्हाय, सोन्यासारखं मरण. मी मान हलवते, पण आत जीव जळत असतो. मरण सोन्याचं आलं असेल हो, पण जगण्याची माती कुणी केली ते एकानंही विचारलं न्हाय.

लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा ती दिरासंगं मुंबईला गेली. दीर विमानतळावर सामान चढवायला होते. राहायला विमानतळाच्या भिंतीला लागूनच एक खोली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा डोक्यावरून विमान गेलं, तशी मी पोराला पोटाशी धरून पलंगाखाली शिरले. ही हसून हसून बेजार. "अक्का, निघा बाहेर. ते आपल्या पत्र्यावर न्हाय उतरत." गल्लीत तेव्हा सगळी आपल्यासारखीच... सामान वाहणारे, झाडलोट करणारे, रिक्षावाले. कुणी लातूरकडचं, कुणी बिदरकडचं. सगळ्यांची पहाटेची पाळी. यमुना त्यांच्या आधी उठून भाकरी थापायला बसायची आणि तिच्या लाकडी काठवटीच्या आवाजावर गल्ली उठायची. कामावर निघताना जो तो दारातून दोन भाकरी, ठेचा घेऊन जायचा. दीर गेल्यावर याच भाकरीवर तिनं एकुलती लेक शिकवली, उजवली.

मग माणसं बदलायला लागली. शेजारची चाळ पाडून मोठी इमारत झाली, तिच्यामागं दुसरी. खोल्यांची भाडी जुन्या लोकांना पेलेनात, तसे ते एकेक करून लांब खाडीपलीकडं गेले. त्यांच्या जागी आले चाकाच्या बॅगा ओढणारे, नवरा-बायको दोघंही चांगलं कमावणारे. त्यांच्या कमाईवर माझा राग न्हाय, कमवावं माणसानं. राग पुढचा आहे. यमुनेची खोली त्या इमारतीच्या अगदी पायाशी. एके दिवशी वरच्या लोकांनी सह्या करून अर्ज दिला, की पहाटे थापण्याच्या आवाजानं झोपमोड होते. घरमालकानं तो कागद हिच्या हातात ठेवला. आता मला सांगा, डोक्यावरून दिवसरात्र विमानं जातात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, त्यावर एकाचीही सही न्हाय! विमानात ते स्वतः बसतात ना. भाकरी तेवढी परक्याची.

तिनं मला फोन केला. "अक्का, काय करू?"

मी सांगायला पाहिजे होतं, थाप बाई, अजून जोरात थाप. पण आमच्या सासूबाईंची शिकवण अंगात मुरलेली. घरात कुणी निजलेलं असलं, की काठवटीखाली जाड कपड्याची घडी सारायची म्हणजे आवाज होत न्हाय. मी तेच सांगितलं. "घडी घाल खाली. मोठ्या लोकांशी वाद कशाला?"

तिनं दिरांच्या कामावरच्या खाकी सदऱ्याची घडी घातली. आवाज बंद झाला आणि तिथंच घात झाला. जी चार-दोन जुनी गिऱ्हाइकं उरली होती, त्यांना वाटलं बाईनं काम सोडलं. दारावर पाटी कधी नव्हतीच, तो आवाज हीच पाटी. लोक दारावरून तसेच पुढं जायला लागले. महिनाभरात मालक म्हणाला, तुमचं काम तर आता बंदच आहे, खोली मोकळी करा. तिची लेक सांगते, त्याच इमारतीखाली आता दुकानात ज्वारीची भाकरी कागदात गुंडाळून मिळते. तब्येतीला चांगली म्हणून वरची माणसं घेतात म्हणे. अर्ज कुणी दिला न्हाय.

काठवट मांडीवर घेऊन ती एसटीनं बेंबळीला माझ्याकडं आली. इथं पुढं रान, मागं गोठा. तरी रोज काठवटीखाली ती खाकी घडी. मी म्हणायचे, यमुने, इथं कुणाची झोप मोडणार आहे, म्हशीची? तर हसून म्हणायची, "तुमचाच सल्ला हाय अक्का. आता मोडू कसा?" तिच्या मनात टोमणा नव्हता हो. असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते... त्या सह्या करणाऱ्यांवर माझा राग आहे, मालकावर आहे, पण पहिली घडी मी घातली, ते कुणाला सांगू?

तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्या जागेवर बसले. घडी तशीच होती, मधोमध काठवटीचा वळ उमटलेला. ती काढून बाजूला ठेवली, पीठ मळलं आणि थापायला लागले. केवढा तो आवाज! गोठ्यातल्या म्हशीनं कान टवकारले. सून लगबगीनं आली, खांद्यावरचा पदर सावरत म्हणाली, "आत्या, हळू. बाळ निजलंय."

"उठू दे," मी म्हणाले, आणि दुसरा गोळा घेतला.